विकतचा दुवा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मराठीत 'दुवा' हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक दुवा साखळीचा, कडीला कडी जोडणारा. दुसरा दुवा म्हणजे आशीर्वाद, एखाद्याच्या तोंडून मनापासून निघालेली सदिच्छा. इंटरनेटवर एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणाऱ्या 'लिंक'ला आपल्याकडच्या लिहिणाऱ्यांनी 'दुवा' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा पहिलाच अर्थ असणार. पण या लिंकचा इतिहास पाहिला तर दुसरा अर्थच अधिक खरा ठरला असे मला वाटते. साखळीची कडी लोहाराकडून विकत आणता येते. मनापासून दिलेला दुवा मात्र विकत मिळत नाही, आणि मिळवलाच तर तो लागत नाही. आजचे बोलणे या विकतच्या दुव्याविषयी आहे.

मी पेशाने ग्रंथपाल. संगणकशास्त्राशी माझा संबंध यायचे कारण नव्हते. तो आला माझ्या मावसभावामुळे. त्याचे घर कोकणात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. घरामागे त्याने चार खोल्या बांधल्या आणि पर्यटकांची राहण्याजेवणाची सोय सुरू केली. भाच्याने त्याला एक साधी वेबसाइट करून दिली. २०११ च्या उन्हाळ्यात तो मला म्हणाला, "दादा, गुगलवर शोधलं की आपलं नाव सगळ्यांच्या खाली येतं. वर यायला काय करतात रे?" मला काय ठाऊक! पण एका कार्यक्रमात मला एक तरुण भेटला होता, त्याची कंपनी नेमके हेच काम करते असे त्याने सांगितले होते, आणि त्याचे कार्ड माझ्या पाकिटात होते. मी ते भावाला दिले आणि म्हणालो, "मुलगा हुशार दिसतो. बघ बोलून." हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

कंपनीने सांगितले की दरमहा तीनशे लिंक मिळतील. पैसे ठरले. दोन-तीन महिन्यांत खरोखरच चमत्कार झाला. कोकणात स्वस्त राहण्याची सोय, अशा अर्थाचे इंग्रजी शब्द टाकले की भावाचे घर पहिल्या पानावर दिसू लागले. दिवाळीत खोल्या भरल्या, नाताळात भरल्या. आणि २०१२ च्या एप्रिल अखेरीस, ऐन हंगामाच्या तोंडावर, त्याची वेबसाइट पहिल्या पानावरून गेली. दुसऱ्यावर नाही, पाचव्यावर नाही, कुठेच नाही. मे महिन्यात त्याचा फोन आला. "दादा, फोनच वाजत नाही." बँकेचा हप्ता होता, कामाला दोन बायका ठेवल्या होत्या, आणि आंब्याच्या दिवसांत खोल्या रिकाम्या.

हे का झाले ते समजून घ्यायला मी वाचू लागलो, आणि नवल असे की त्या गोष्टीचे मूळ मला माझ्याच व्यवसायात, ग्रंथालयात सापडले.

अमेरिकेत १८७३ साली फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने वकिलांसाठी एक सोय केली. तिकडे जुन्या निकालांचा आधार देऊन खटले लढवले जातात. पण जुना निकाल अजून टिकून आहे की पुढच्या कोणत्या न्यायालयाने तो फिरवला, हे वकिलाला कळायचे कसे? शेपर्डने डिंक लावलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या छापल्या. कोणत्या निकालाचा उल्लेख पुढे कोणत्या निकालात आला, हे त्यावर असे. वकील त्या आपल्या पुस्तकाच्या समासात चिकटवीत. म्हणजे एखाद्या निकालाची पत त्याच्या स्वतःच्या मजकुरावर नव्हे, तर नंतर त्याच्याविषयी कोण काय म्हणाले यावर ठरू लागली.

ही युक्ती विज्ञानात आणली यूजीन गारफिल्ड यांनी. शेपर्डच्या कंपनीत पूर्वी काम केलेल्या विल्यम अ‍ॅडेअर यांच्या पत्रातून त्यांना ही पद्धत कळली. १९५५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी लेख लिहून सुचवले की शास्त्रीय लेखांचीही अशी उल्लेख-सूची करावी. १९६४ पासून त्यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' नियमित निघू लागली. कोणत्या लेखाचा आधार किती जणांनी घेतला, हे ग्रंथालयात बसून पाहता येऊ लागले. पुढे १९७६ मध्ये गॅब्रिएल पिन्स्की आणि फ्रान्सिस नॅरिन यांनी त्यात आणखी एक बारकावा आणला. सगळे उल्लेख सारख्या वजनाचे मानू नयेत. ज्याचा स्वतःचा आधार पुष्कळजण घेतात, अशा नियतकालिकाने केलेला उल्लेख भारी समजावा. आपल्या गावातही हेच चालते. कोणता वैद्य चांगला, हे वैद्याच्या दारावरच्या पाटीवरून ठरत नाही. चार जण काय म्हणतात ते आपण ऐकतो, आणि त्या चारांत एखादा जाणता असला तर त्याचे म्हणणे जास्त धरतो.

आता इंटरनेटकडे येऊ. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये वेब जगासाठी खुले झाले. पानातल्या काही शब्दांवर टिचकी मारली की दुसरे पान उघडते, हा त्याचा प्राण. ज्या शब्दांवर टिचकी मारायची त्यांना म्हणतात 'अँकर टेक्स्ट', म्हणजे नांगराचे शब्द. होडी नांगरावी तसा दुवा त्या शब्दांना बांधलेला असतो.

पाने भराभर वाढली तशी शोधून देणारी यंत्रे, म्हणजे सर्च इंजिने आली. ती प्रामुख्याने पानातले शब्द मोजत. साहजिकच लोकांनी आपल्या पानात तेच तेच शब्द शंभर वेळा लिहायला सुरुवात केली. कोणी पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लिही. माणसाला दिसत नसे, यंत्राला दिसे. परिणाम असा झाला की नोव्हेंबर १९९७ मध्ये चार प्रमुख व्यावसायिक सर्च इंजिनांना त्यांचेच नाव विचारले, तर पहिल्या दहा उत्तरांत स्वतःचा पत्ता देणारे फक्त एकच निघाले.

ही नोंद केली स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी, सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे भरलेल्या वेब परिषदेत त्यांनी आपल्या नव्या सर्च इंजिनाविषयी निबंध सादर केला. तेच गुगल. त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली 'पेजरँक'. कोणत्या पानाला किती पाने दुवा देतात, दुवा देणारी पाने स्वतः किती मान्यवर आहेत आणि त्यांनी आपले वजन किती जणांत वाटून टाकले आहे, यावरून पानाची पत काढायची. ही गारफिल्ड आणि पिन्स्की-नॅरिन यांच्याच घराण्यातली कल्पना.

दुसरी गोष्ट अँकर टेक्स्टची. दुव्याचे शब्द ज्या पानावर लिहिलेले असतात त्याच्याच खात्यावर तोवर सहसा जमा होत. यांनी ते ज्या पानाकडे दुवा जातो त्याच्या खात्यावरही जमा केले. कारण साधे होते. एखादे पान स्वतःचे जे वर्णन करते, त्यापेक्षा इतर लोक त्याला काय म्हणून हाक मारतात, ते पुष्कळदा अधिक नेमके असते. चित्रासारख्या, ज्यात शब्दच नाहीत अशा गोष्टीही या हाकांवरून सापडू लागल्या. दोन कोटी चाळीस लाख पानांतून त्यांनी असे २५ कोटी ९० लाख दुवाशब्द गोळा केले होते. म्हणजे पेजरँक विचारी की साक्षीदार कोण आहे, आणि अँकर टेक्स्ट विचारी की तो काय सांगतो आहे. सगळी इमारत या दोन प्रश्नांवर उभी राहिली.

त्याच सुमारास लिहिलेल्या दुसऱ्या एका निबंधात, ज्याच्या लेखकांत राजीव मोटवानी हे भारतीय वंशाचे प्राध्यापकही होते, लबाडीचा विचार केलेला आढळतो. तो वाचताना मला हसू आले आणि वाईटही वाटले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. या पद्धतीत फसवणूक जवळपास अशक्य आहे. फार तर कोणी मोठ्या वेबसाइटवर दुवे विकत घेईल. पण त्याला पैसे पडतात, तेव्हा ते आटोक्यात राहील.

पैसे पडतात म्हणून आटोक्यात राहील! आपल्याकडचा एखादा अडत्या हे ऐकून म्हणाला असता, "साहेब, ज्याला पैसे पडतात त्याचाच तर बाजार भरतो."

बाजार लगेच भरला. २००० च्या डिसेंबरात गुगलने संगणकावर बसवायची एक पट्टी दिली. तिच्यावर समोरच्या पानाचा पेजरँक शून्य ते दहा अशा अंकांत दिसे. म्हणजे वस्तूवर भाव छापला गेला. २००२ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील 'सर्चकिंग' या कंपनीने पेजरँक पाहून दुवे विकण्याची योजना काढली. त्यानंतर तिचा स्वतःचा पेजरँक घसरला. कंपनी न्यायालयात गेली. २००३ मध्ये न्यायालयाने दावा काढून टाकला. कोणते पान किती महत्त्वाचे, हे गुगलचे मत आहे आणि मत बाळगण्याचे स्वातंत्र्य कायद्याने दिलेले आहे, असा त्या निकालाचा आशय होता. विकणाऱ्यांना त्यातून एवढेच कळले की विक्री उघडपणे करायची नाही.

दुसरीकडे दुव्यातल्या शब्दांची ताकद लोकांना थट्टेतून कळली. २००३ मध्ये पुष्कळ लोकांनी ठरवून आपापल्या पानांवर 'दारुण अपयश' अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द लिहिले आणि त्यांचा दुवा अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या अधिकृत चरित्राच्या पानाकडे वळवला. गुगलवर ते दोन शब्द टाकले की पहिले उत्तर म्हणून अध्यक्षमहाशय हजर! याला 'गुगल बॉम्ब' असे नाव पडले. २००७ च्या जानेवारीत गुगलने आपल्या गणितात बदल करून हे प्रकार बहुतांशी निकामी केले. जगाने हसून सोडून दिले. दुकानदारांनी मात्र त्यातला धडा घेतला. ज्या पानात एक शब्द नाही, ते पान बाहेरून ढकललेल्या शब्दांच्या जोरावर त्या शब्दाच्या शोधात पहिले आणता येते. मग आपले दुकान का आणू नये?

मधल्या काळात सार्वजनिक भिंतीवर जाहिराती चिकटवाव्यात तसे लोक इतरांच्या पानांवर, प्रतिक्रियांच्या जागेत, आपले दुवे चिकटवू लागले. त्यावर २००५ च्या जानेवारीत गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून 'नोफॉलो' नावाची खूण मान्य केली. दुव्याला ती खूण लावली की त्याचा अर्थ असा: येथे दुवा आहे खरा, पण त्याची हमी मी घेत नाही. मला हा फार महत्त्वाचा टप्पा वाटतो. तोवर प्रत्येक दुवा शिफारस समजला जाई. शिफारस न करता नुसता पत्ता सांगण्याची सोय आता पहिल्यांदा झाली.

बाजार किती मोठा झाला होता, ते २०११ च्या फेब्रुवारीत उघड झाले. अमेरिकेत जे. सी. पेनी नावाची जुनी, प्रतिष्ठित दुकानांची साखळी आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या लक्षात आले की कपडे, चादरी, गालिचे, काहीही शोधा, गुगलवर पहिले नाव पेनीचे. 'सॅमसोनाइट'ची प्रवासी बॅग शोधली तर खुद्द सॅमसोनाइटच्या वेबसाइटच्याही वर पेनी! वृत्तपत्राने एका जाणकाराकडून तपास करवला. पेनीच्या कपड्यांकडे जाणारे दुवे दोन हजारांहून अधिक पानांवर सापडले, आणि ती पाने कोणती? जुगाराची, अणु-अभियांत्रिकीची, बल्गेरियातील जमीनजुमल्याची. त्यांत मधेच कुठेतरी 'संध्याकाळचे पोशाख' अशा अर्थाचे शब्द, आणि दुवा पेनीकडे. आपल्याला याची कल्पना नव्हती असे पेनीने सांगितले आणि हे काम करणाऱ्या कंपनीशी संबंध तोडले. गुगलने शिक्षा केली. संध्याकाळी सात वाजता बॅगेच्या शोधात पहिल्या क्रमांकावर असलेली पेनी दोन तासांनी एकाहत्तराव्या क्रमांकावर होती.

ही शिक्षा माणसांनी केलेली होती. अशी एकेक तक्रार हाताने निवारणे किती दिवस चालणार? म्हणून २४ एप्रिल २०१२ रोजी गुगलने दुव्यांच्या आणि शब्दांच्या लबाडीवर एक स्वयंचलित चाळणी बसवली. तिला पुढे 'पेंग्विन' हे नाव मिळाले. इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर तिचा परिणाम होईल, असे गुगलने तेव्हा सांगितले. आकडा लहान दिसतो. पण त्या ३.१ टक्क्यांत कोकणातल्या चार खोल्या होत्या.

पेंग्विनला लबाडी ओळखू कशी आली? तिचे पूर्ण गणित गुगलने कधी सांगितलेले नाही. पण भावाकडे कंपनीने पाठवलेली यादी होती. ती मी पाहिली आणि ग्रंथपालाच्या डोळ्यांनाही ते दिसले. सुमारे दोन हजार दुवे, आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाचे शब्द तेच: कोकणातील स्वस्त राहण्याची सोय. एकालाही भावाचे नाव माहीत नव्हते, घराचे नाव माहीत नव्हते. श्रोतेहो, खरी माणसे अशी बोलत नाहीत. दहा पाहुणे एका घराविषयी सांगू लागले तर एक घराचे नाव सांगेल, दुसरा नुसता पत्ता देईल, तिसरा म्हणेल 'हे बघा', चौथा म्हणेल 'जिथे आम्ही मोदक खाल्ले ते घर'. खऱ्या साक्षी एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. सगळे साक्षीदार एकच वाक्य घोकून आले की न्यायाधीशाला जो संशय येतो, तोच या यंत्राला येत असणार.

मग दुवे काढून टाकण्याची खटपट सुरू झाली. कंपनीने फोन घेणे बंद केले होते. भावाने आणि भाच्याने त्या पानांच्या मालकांना पत्रे लिहिली. बहुतेकांनी उत्तर दिले नाही. काहींनी दिले, आणि त्यांत दुवा काढण्याचे पैसे मागितले! लावायचे पैसे घेतले, काढायचेही पैसे. २०१२ च्या ऑक्टोबरात गुगलने एक साधन दिले, त्यात 'हे दुवे माझ्या खात्यावर धरू नका' अशी यादी देता येऊ लागली. भाच्याने ती भरली. पण पेंग्विनची चाळणी तेव्हा रोज चालत नसे. ती पुन्हा फिरवली जाईपर्यंत थांबावे लागे. पुढची मोठी फेरी २०१३ च्या मे महिन्यात आली. म्हणजे दुसराही हंगाम हातचा गेला.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये घडलेला एक प्रकार वृत्तपत्राच्या वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावा. 'इंटरफ्लोरा' ही फुले पोहोचवणारी नामवंत कंपनी. तिने प्रादेशिक वृत्तपत्रांच्या वेबसाइटवर बातमीसारख्या दिसणाऱ्या जाहिराती दिल्या आणि त्यांत आपल्याकडचे दुवे पेरले. २०१३ च्या फेब्रुवारीत गुगलवर फुले शोधली तर इंटरफ्लोरा सापडेना, तिचे नाव टाकले तरी सापडेना. दुवे काढून टाकल्यावर सुमारे अकरा दिवसांनी ती परत आली. ती वृत्तपत्रेही दोषातून सुटली नाहीत. जाहिरात घेणे हा गुन्हा नाही. जाहिरातीला स्वतःचे मत म्हणून खपवणे हा आहे.

पेंग्विनच्या पद्धतीत एक अन्यायही होता. वाईट दुव्यांनी शिक्षा होत असेल, तर शत्रूच्या नावाने वाईट दुवे विकत घेऊन त्याला बुडवता येईल, ही भीती व्यापाऱ्यांत पसरली. निर्दोष माणसांनाही चाळणी पुन्हा फिरेपर्यंत ताटकळावे लागे. २०१४ च्या ऑक्टोबरनंतरची फेरी तर जवळजवळ दोन वर्षांनी आली. अखेर २०१६ च्या सप्टेंबरात पेंग्विन गुगलच्या मुख्य गणिताचा भाग झाला आणि सतत चालू लागला. धोरणही बदलले. खोट्या दुव्याबद्दल पान खाली ढकलण्याऐवजी तो दुवा शून्य धरायचा, यावर भर आला. खोट्या नाण्यासाठी तुरुंग नाही, पण नाणे गल्ल्यात पडणार नाही. हाताने केलेली शिक्षा मात्र अजूनही होऊ शकते.

२०१९ मध्ये दुव्यांसाठी आणखी दोन खुणा आल्या. एक पैसे घेऊन दिलेल्या दुव्यासाठी, दुसरी वाचकांनी लिहिलेल्या मजकुरातल्या दुव्यासाठी. २०२२ च्या डिसेंबरात विकतचे दुवे आणि ते विकणाऱ्या वेबसाइट ओळखायचे काम शिकाऊ संगणक-प्रणालीवर सोपवले गेले. आणि २०२४ च्या मार्चमध्ये एक लहानसा पण बोलका बदल झाला. पानांची संबद्धता ठरवताना दुवे हा 'महत्त्वाचा घटक' आहे, असे गुगलच्या नियमावलीत लिहिलेले होते. त्यातला 'महत्त्वाचा' हा शब्द काढला गेला. दुवा हा आता एक घटक उरला. पंचवीस वर्षांच्या बाजाराने मालाची ही किंमत केली.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये एक निरीक्षण नोंदवले होते. एखाद्या आकड्यावरून तुम्ही परिस्थिती ओळखत असाल आणि मग तोच आकडा धरून कारभार हाकू लागलात, तर त्या आकड्याचा भरवसा उरत नाही. त्यांच्यासमोर पैशाचे धोरण होते. पण परीक्षेतले गुण, हजेरीपटावरची उपस्थिती, आणि आमच्या क्षेत्रात शास्त्रीय लेखांचे उल्लेख, सगळीकडे हेच झाले आहे. एकमेकांचे उल्लेख करून आपली पत वाढवणारे लेखक ग्रंथपालांनी गुगलच्या आधीच पाहिले होते.

मग छोट्या व्यावसायिकाने करावे काय? भाच्याने आणि मी मिळून जे शिकलो ते सांगतो. कोणी महिन्याला इतके दुवे असा भाव सांगितला तर नमस्कार करून उठावे. जाहिरात जरूर द्यावी, पण तिच्यातल्या दुव्याला जाहिरातीची खूण लावण्याचा आग्रह आपणच धरावा. तू मला दे, मी तुला देतो, असा देवघेवीचा कारखाना काढू नये. शेजारच्या होडीवाल्याचा पत्ता पाहुण्यांना उपयोगी म्हणून दिला तर ती गोष्ट वेगळी. दुसऱ्याने आपल्याला कोणत्या शब्दांत हाक मारावी, हे त्याला शिकवू नये. त्याने आपले नाव लिहिले, नुसता पत्ता लिहिला, तरी ते चांगलेच. आपल्या स्वतःच्या पानांवर मात्र दुव्याचे शब्द नेमके असावेत. 'येथे टिचकी मारा' यातून काही कळत नाही. ज्यांना दिसत नाही ते संगणकाकडून पान वाचून घेतात, त्यांना तर 'येथे, येथे, येथे' एवढेच ऐकू येते. 'एसटीने कसे यावे', 'जेवणाचे दर' असे लिहावे. शब्द वाचणाऱ्यासाठी लिहिले की यंत्राचेही भागते. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, दुसऱ्याला आपणहून सांगावेसे वाटेल असे काहीतरी आपल्यापाशी असावे.

भावाने ते केले, पण ठरवून नव्हे. हंगाम रिकामा गेल्यामुळे हाताशी वेळ होता. त्याने आपल्या किनाऱ्याची भरती-ओहोटी, कोणत्या महिन्यात पोहणे धोक्याचे, कोणती एसटी कुठे थांबते, हे सगळे आपल्या पानावर साध्या भाषेत लिहून काढले. पुढे पुण्याच्या एका पाहुणीने आपल्या प्रवासवर्णनात त्याचा दुवा दिला. शब्द होते फक्त त्याच्या घराचे नाव. मग एका गिर्यारोहकांच्या गटाने भरतीच्या माहितीसाठी दिला. तीन वर्षांत मिळून असे पंधरा-वीस दुवे जमले असतील. पहिल्या पानावर तो परत आला, पहिल्या क्रमांकावर नाही. पण आता फोन वाजतो.

आता त्या वाक्याकडे येतो. "मुलगा हुशार दिसतो. बघ बोलून." या साऱ्या प्रकरणात कंपनीला दोष देणे सोपे आहे. पण त्या कंपनीपर्यंत भावाला नेणारा दुवा कोण होता? मी होतो. त्या मुलाचे काम मी पाहिले नव्हते, त्याच्या एकाही गिऱ्हाइकाशी बोललो नव्हतो. पाकिटातले कार्ड काढून दिले आणि त्यावर माझे वजन ठेवले. भावाने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, कारण मी त्याचा दादा आहे. हमी न घेता नुसता पत्ता सांगायची खूण माझ्या बोलण्याला लावलेली नव्हती. ते दोन हजार विकतचे दुवे नंतर आले. त्यांच्या आधीचा पहिला पोकळ दुवा माझा होता.

हे मी भावाला एकदा बोलून दाखवले. तो हसला आणि म्हणाला, "दादा, तुझं मन चांगलं होतं ना, झालं तर मग." पण मन चांगले असणे साक्षीदाराला पुरत नाही. त्याला माहिती असावी लागते. शेपर्डच्या चिठ्ठ्यांपासून गुगलच्या चाळणीपर्यंत सगळे जण शोधत आले ते हेच: बोलणाऱ्याला खरेच ठाऊक आहे का, आणि खोटे ठरल्यास त्याचे काही जाणार आहे का. हे ओळखणारे पक्के यंत्र अजून निघालेले नाही. तोवर कोणाचे नाव कोणाला सुचवताना मी एक क्षण थांबतो, आणि माहीत नसेल तर तसे सांगतो.